पेशी पेशीला धरते तेव्हा

मागच्या अंकात मी बेडकाच्या एका अंड्यापासून पेशींचा पोकळ चेंडू कसा तयार होतो ते लिहिलं होतं. लेख संपता संपता त्यात एक वाक्य आलं होतं: ‘पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिनं कोणता निरोप आत पोहोचू द्यायचा आणि कोणता अडवायचा, हेही ठरवतात.’ आलेली बहुतेक पत्रं या एका वाक्यापाशीच थांबली आहेत. माझ्या कामाची २१ वर्षं याच वाक्यापाशी गेली, त्यामुळे पत्रं वाचताना फार बरं वाटलं. या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. उदाहरणं झेनोपस लेविस या आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाची आहेत. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसतं झेनोपस म्हणतो.

प्रश्न: मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात कॅडहेरिन ‘पेशींमधले जोड’ या प्रकरणात येतं आणि संकेतांचं प्रकरण बरंच पुढे आहे. तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात घातलंत. जोडणारी वस्तू निरोपात लुडबुड कशी करेल? गोंद बोलतो का?

गोंद बोलत नाही, पण कॅडहेरिन म्हणजे गोंद नव्हे. गोंद दोन वस्तूंच्या मध्ये असतो. कॅडहेरिन पेशीच्या पटलातून आरपार गेलेलं असतं. त्याचा बाहेरचा भाग लांब, पाच खंडांचा असतो आणि आतला शेपटीसारखा छोटा. बाहेरच्या टोकाने ते शेजारच्या पेशीवरच्या आपल्यासारख्याच कॅडहेरिनला धरतं. आतल्या शेपटीवर बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, त्याला अल्फा-कॅटेनिन लागतं आणि तिथून पुढे पेशीच्या ॲक्टिन तंतूंचा सांगाडा सुरू होतो. एका टोकाला शेजारीण, दुसऱ्या टोकाला स्वतःचा सांगाडा, असा हा दुवा आहे.

यातलं बीटा-कॅटेनिन नीट लक्षात ठेव. १९९१ मध्ये झेनोपसच्या बीटा-कॅटेनिनचा क्रम वाचला गेला, तेव्हा तो फळमाशीतल्या आर्माडिलो या प्रथिनाशी जुळला. आर्माडिलोची ओळख तोवर संकेतांच्या अभ्यासातली होती. माशीच्या भ्रूणात विंगलेस या संकेताचा निरोप पेशीच्या आत पुढे नेणारं प्रथिन ते हेच. म्हणजे जोड सांभाळणारं आणि निरोप नेणारं प्रथिन एकच निघालं. तुझ्या पुस्तकातली दूरदूर ठेवलेली दोन प्रकरणं तिथे एकमेकांना भेटली.

आता भ्रूणात काय होतं ते पाहू. झेनोपसचं अंडं सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं. वरचा अर्धा गडद तपकिरी, खालचा पिवळट पांढरा. शुक्राणू गडद अर्ध्यात कुठेही शिरू शकतो. तो शिरल्यापासून पहिल्या विभाजनापर्यंत साधारण ९० मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात अंड्याचा बाहेरचा पातळ थर आतल्या गाभ्यावरून सुमारे ३० अंश सरकतो. हे सरकणं डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण प्राण्याची पाठ कुठे होणार हे त्यात ठरतं. शुक्राणूच्या प्रवेशाच्या साधारण समोरची बाजू ती पाठीची. आईने अंड्याच्या तळाशी ठेवलेला काही ऐवज सरकून त्या बाजूला येतो आणि तिथे बीटा-कॅटेनिनचा नाश थांबतो. बाकीच्या पेशींत जीएसके-३, ॲक्सिन ही प्रथिनं आणि त्यांचे साथीदार मोकळं बीटा-कॅटेनिन सतत पकडून नष्ट करायला पाठवत असतात. पाठीकडच्या पेशींत ते साठत जातं, केंद्रकात शिरतं, तिथे टीसीएफ नावाच्या प्रथिनाला धरतं आणि सियाम्वासारखी जनुकं चालू करतं. (सयामी जुळ्यांवरून दिलेलं हे नाव आहे, कारण हे जनुक पोटाच्या बाजूला चालू केलं की भ्रूणाला दुसरा कणा फुटतो.) पुढे याच बाजूला तो भाग तयार होतो, जो श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या एका भ्रूणातून दुसऱ्या भ्रूणात लावला होता आणि ज्याच्यामुळे त्या दुसऱ्या भ्रूणात जवळजवळ आणखी एक शरीर उभं राहिलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बीटा-कॅटेनिनच्या अंगावर लिहिलेलं आहे. त्याच्या मधल्या भागात एकाच धाटणीचे १२ घडीदार तुकडे एकापुढे एक असतात आणि त्यांच्या बाजूने एक लांब खाच तयार होते. कॅडहेरिनची शेपटी या खाचेत बसते. टीसीएफही याच खाचेत बसतं. दोघांच्या जागा एकमेकींवर येतात, त्यामुळे एका वेळी एकालाच बसता येतं. पटलापाशी कॅडहेरिनने धरून ठेवलेला बीटा-कॅटेनिनचा रेणू केंद्रकात टीसीएफला भेटू शकत नाही. कॅडहेरिन आज्ञा देत नाही, निरोप घेऊन जाणाऱ्यालाच आपल्यापाशी बसवून ठेवतं.

हे कागदावर पटतं, पण भ्रूणात पाहिलं की विसरता येत नाही. १९९४ मध्ये जॅनेट हीझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनोपसच्या भ्रूणात कॅडहेरिन गरजेपेक्षा जास्त तयार होऊ दिलं, तर पाठीकडच्या ऊतींची घडण अडली. त्याच कामात त्यांनी अंड्यातला आईकडून आलेला बीटा-कॅटेनिनचा आरएनए (ज्याच्यावरून पेशी ते प्रथिन तयार करते तो रेणू) कमी केला, तेव्हाही पाठ झाली नाही. दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या. १९९६ मध्ये फागोट्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅडहेरिनला चिकटून राहणं आणि संकेत देणं ही बीटा-कॅटेनिनची दोन कामं एकमेकांच्या आड येतात.

विद्यार्थी असताना मी हा प्रयोग स्वतः केला. चार पेशींच्या भ्रूणात पाठीकडच्या दोन पेशी थोड्या फिक्या असतात, त्यामुळे त्या ओळखता येतात. त्या दोन्हींत बारीक काचेच्या सुईने कॅडहेरिनचा आरएनए टोचला. शेजारच्या डिशमध्ये नुसतं पाणी टोचलेली भ्रूणं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची भ्रूणं लांबट झाली होती, पाठीवर मज्जानलिका मिटल्याची रेघ, पुढे डोक्याचा फुगवटा, मागे शेपटीची सुरुवात. कॅडहेरिनच्या डिशमध्ये मात्र गोल गोल गोळे होते. जिवंत, त्वचेने नीट झाकलेले, पण पुढ-मागे काहीच नाही. जुन्या जर्मन प्रयोगांपासून अशा भ्रूणाला ‘पोटाचा तुकडा’ म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे, कारण सगळीकडून पोटच. तिसऱ्या डिशमध्ये मी कॅडहेरिनच्या जोडीने बीटा-कॅटेनिनचा आरएनएही टोचला होता. तिथे बऱ्याच भ्रूणांना पाठ परत आली होती. मी त्या तीन डिश शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ नुसती आलटून पालटून पाहत बसले होते.

एक गोष्ट मात्र तू आत्ताच शिकून घे. जास्तीचं काहीतरी घालून मिळालेला परिणाम ‘असं होऊ शकतं’ एवढंच सांगतो. भ्रूण स्वतःच्या मापाच्या कॅडहेरिनने रोज हेच करतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळे प्रयोग लागतात. परीक्षेत लिहितानाही हा फरक ठेव.

प्रश्न: मी निवृत्त रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. कॅल्शियम काढलं की भ्रूणाच्या पेशी सुट्या होतात असं तुम्ही लिहिलंत. एवढा लहानसा आयन हे कसं करतो, आणि प्रत्यक्ष काय दिसतं?

सर, कॅल्शियम दोन पेशींच्या मध्ये पूल बांधत नाही, ते कॅडहेरिनला ताठ ठेवतं. बाहेरच्या पाच खंडांमधल्या प्रत्येक सांध्यात तीन कॅल्शियम आयन बसतात. ते असले की सगळा भाग किंचित वाकलेल्या दांडीसारखा उभा राहतो. ते काढले की सांधे लुळे पडतात, शेजारणीला पकडता येत नाही आणि प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिनलाही वाट मिळते. मासातोशी ताकेइची यांना १९७७ मध्ये हाच धागा सापडला. पेशींना चिकटायच्या दोन पद्धती असतात, त्यातली एक कॅल्शियमवर अवलंबून असते आणि कॅल्शियम हजर असेल तर ती ट्रिप्सिनलाही दाद देत नाही, हे त्यांनी दाखवलं. कॅडहेरिन हे नाव त्यानंतर आलं.

दिसतं काय, ते सांगते. भ्रूणाचं जेलीचं आवरण सिस्टीनच्या द्रावणात विरघळवायचं. मग दोन बारीक चिमट्यांनी आतलं घट्ट पारदर्शक आवरण फाडायचं. ते निघालं की भ्रूण थोडं पसरतं, जणू अंगावरचा पट्टा सैल केला. गडद टोकाकडचा, पोकळीवरचा घुमट कापून घ्यायचा. याला आम्ही ॲनिमल कॅप म्हणतो. ही चकती कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात ठेवली की पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. मग आतल्या बाजूच्या पेशींमधल्या, इतका वेळ न दिसणाऱ्या रेषा उमटायला लागतात. एकमेकींवर दाबून कोनाकोनाच्या झालेल्या पेशी कडेकडेने गोल होतात. थोड्या वेळाने पिपेटने हलकेच फुंकर घातली की आतल्या पेशी मण्यांसारख्या विखुरतात. सगळ्यात बाहेरचा गडद थर मात्र सुटत नाही, तो एकसंध पापुद्र्यासारखा निघतो, कारण तिथल्या पेशींना बांधून ठेवणारे घट्ट सांधे निराळे असतात. तो चिमट्याने उचलून बाजूला टाकावा लागतो.

कॅल्शियम परत दिलं आणि डिश हळूच गोल फिरवली की विखुरलेल्या पेशी मध्याशी गोळा होतात. आधी द्राक्षाच्या घडासारखा ओबडधोबड पुंजका दिसतो. तासाभरात त्याच्या पृष्ठभागावरचे उंचवटे बसतात आणि तो गुळगुळीत गोळा होतो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा डिशच्या तळाला ॲगरोजचा, म्हणजे जेलीसारखा मऊ थर द्यायला विसरले होते. उघड्या पडलेल्या पेशी प्लॅस्टिकला इतक्या चिकटल्या की सोडवताना फुटल्या आणि सगळी डिश पांढऱ्या गाळाने भरली. त्या संध्याकाळी मला कळलं की ‘चिकटणं’ हा शब्द फार ढोबळ आहे. पेशीने प्लॅस्टिकला चिकटणं आणि पेशीने पेशीला ओळखून धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी १९५५ मध्ये उभयचरांच्या भ्रूणाच्या वेगवेगळ्या थरांतल्या पेशी सुट्या करून मिसळल्या, तेव्हा त्या पुन्हा आपापल्या जातीनुसार वेगळ्या झाल्या. त्वचेच्या पेशी बाहेर, मज्जासंस्थेच्या आत. प्लॅस्टिकला चिकटणारी पेशी असं काही करत नाही.

प्रश्न: सुट्या केलेल्या पेशी आपलं पुढचं काम विसरतात का?

काही गोष्टी अजिबात विसरत नाहीत. भ्रूणातल्या पेशी पहिली १२ विभाजनं जवळजवळ एका तालात करतात आणि त्यानंतर, सुमारे ४००० पेशी झाल्यावर, ताल बिघडून स्वतःची जनुकं जोमाने वाचायला लागतात. १९८२ मध्ये न्यूपोर्ट आणि कर्शनर यांनी दाखवलं की पेशी सुट्या केल्या तरी हे वेळापत्रक मोडत नाही. ते प्रत्येक पेशी स्वतःपाशी सांभाळते.

पण ‘मी कोण होणार’ हे मात्र बदलतं, आणि ते ज्या दिशेने बदलतं त्याने मला आजही थक्क व्हायला होतं. ॲनिमल कॅप एकसंध ठेवली तर तिची त्वचा होते. तिच्याच पेशी काही तास सुट्या ठेवून मग एकत्र आणल्या तर त्या मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात. ग्रुन्त्स आणि टाके यांनी १९८९ मध्ये हे दाखवलं तेव्हा सगळे मज्जासंस्था घडवणाऱ्या संकेताच्या शोधात होते, आणि इथे तर कुणी कोणताच संकेत दिला नव्हता. उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. एकत्र असताना या पेशी एकमेकींना बीएमपी नावाचा संकेत देत असतात आणि त्याचा अर्थ असतो ‘त्वचा हो’. त्या दूर गेल्या की हा संकेत भोवतालच्या द्रावणात विरून जातो. अडवणारा आवाज थांबला की पेशी मज्जापेशी होते. चिकटण्याच्या प्रथिनांनी इथे काहीच उच्चारलं नाही. त्यांनी पेशींना इतकं जवळ ठेवलं की एकीचं बोलणं दुसरीला ऐकू येत राहिलं. संकेतांवर ताबा ठेवण्याचा हा सगळ्यात साधा मार्ग आहे, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांत त्याला फार कमी जागा मिळते.

उलटंही होतं. जॉन गर्डन यांनी १९८८ मध्ये पाहिलं की स्नायू होण्याचा संकेत मिळालेल्या पेशी पुरेशा संख्येने एकत्र असतील तरच स्नायू होतात. एकेकटी पेशी अडून राहते. याला त्यांनी ‘समुदायाचा परिणाम’ असं नाव दिलं. १९९४ मध्ये कळलं की अशा पेशींतलं कॅडहेरिनचं काम बंद पाडलं तर मायोडी हे स्नायूंचं मुख्य जनुकही चालू होत नाही. म्हणजे त्वचेच्या पेशीला सुटं केलं तर ती मज्जापेशी होते, आणि स्नायूच्या वाटेवरच्या पेशीला सुटं केलं तर ती स्नायू होत नाही. ‘पेशी सुट्या केल्या तर काय होईल’ याचं एकच उत्तर नसतं, त्यांचं आपापसांत काय बोलणं चाललं होतं ते आधी विचारावं लागतं.

प्रश्न: इतकं घट्ट धरलेलं असतं तर गॅस्ट्रुलेशनच्या वेळी हजारो पेशी आत कशा सरकतात?

गॅस्ट्रुलेशन म्हणजे पोकळ चेंडूच्या बाहेरच्या पेशींनी आत शिरून भ्रूणाचे थर घडवणं. ते होतं धरून आणि सोडून, एकाच वेळी. या प्रश्नावर दोन-चार सदरं लिहिता येतील, इथे मला सगळ्यात आवडणारे दोन-तीन धागे सांगते.

ॲनिमल कॅपला ॲक्टिव्हिन हा संकेत दिला की गोल चकती काही तासांत लांब होत जाते, मध्ये बारीक, दोन्ही टोकांना जाड. भ्रूणात मध्यस्तराच्या, म्हणजे ज्या मधल्या थरापासून स्नायू वगैरे होतात त्याच्या, पेशी एकमेकींच्या फटींत शिरून कणा लांबवतात, तीच हालचाल इथे डिशमध्ये दिसते. ब्रीहर आणि गम्बायनर यांनी १९९४ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा ॲक्टिव्हिननंतर पेशींची सी-कॅडहेरिनची (बेडकाच्या कोवळ्या भ्रूणातला कॅडहेरिनचा मुख्य प्रकार) पकड सैल झालेली होती, पण पृष्ठभागावरचं सी-कॅडहेरिन कमी झालेलं नव्हतं. हात तेवढेच होते, मूठ सैल झाली होती. मग त्याच गटाने १९९९ मध्ये एक प्रतिपिंड वापरलं. बहुतेक प्रतिपिंडं प्रथिनाचं काम बंद पाडतात, हे उलट सी-कॅडहेरिनची पकड घट्ट करणारं होतं. ते घातल्यावर लांब होणं थांबलं. संकेत आला होता, पेशी मध्यस्तराच्याही झाल्या होत्या, पण सोडता न आल्यामुळे हलता आलं नाही.

ही मूठ सैल करायला संकेत कुणाला पाठवतो? एक नाव आहे पीएपीसी. हे कॅडहेरिनच्याच विस्तारित कुटुंबातलं, पण ते स्वतः घट्ट धरण्यापेक्षा सी-कॅडहेरिनची पकड कमी करतं. दुसरं एफएलआरटी-३. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंनी काम करतं. ॲक्टिव्हिनसारख्या संकेताने ते तयार होतं, आरएनडी-१ या जोडीदाराबरोबर सी-कॅडहेरिनला पृष्ठभागावरून आत ओढून घ्यायला लावतं, आणि त्याच वेळी एफजीएफ या संकेताच्या ग्राहीला, म्हणजे तो संकेत झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटून तो संकेत वाढवतं. जोड सैल करणं आणि निरोप मोठा करणं, दोन्ही एकाच रेणूच्या हातात. पहिल्या पत्रातल्या विद्यार्थिनीने हा परिच्छेदही वाचावा.

आता तिसरा धागा. गॅस्ट्रुलेशनमध्ये पोकळीच्या छतावर फायब्रोनेक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी विणली जाते आणि तिच्यावरून आतल्या पेशींचा ताफा पुढे चालत जातो. त्या जाळीला पेशी इंटेग्रिन या पटलातल्या प्रथिनाने धरतात आणि एकमेकींना कॅडहेरिनने. ताफ्यातल्या पेशीला पुढची दिशा कळते कशी? २०१२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. अशी एक एकटी पेशी फायब्रोनेक्टिनवर ठेवली, तिला सी-कॅडहेरिन लावलेला चुंबकीय मणी चिकटवला आणि चुंबकाने मणी हलकेच ओढला. पेशीने ओढीच्या विरुद्ध बाजूला पाय पसरला. आत पाहिलं तर ओढ बसलेल्या जागी केराटिनचे तंतू गोळा झाले होते. ताफ्यातही मागची पेशी पुढच्या पेशीला असंच मागे ओढत असते आणि त्या ओढीवरून पुढचीला ‘पुढे’ म्हणजे कोणती बाजू ते समजतं. इथे संकेत म्हणजे एखादा विरघळलेला रेणू नाही. कॅडहेरिनवर पडलेला ताण हाच निरोप आहे. मी तो चित्रफितीचा तुकडा वर्गात दरवर्षी दाखवते आणि दरवर्षी आधी विद्यार्थ्यांना अंदाज करायला लावते. बहुतेकजण म्हणतात, पेशी मण्याच्या दिशेने जाईल.

प्रश्न: माणसातही असंच असतं का? कर्करोगाशी याचा संबंध असतो असं वाचलं.

रेणू तेच आहेत. उंदराच्या भ्रूणात आठ पेशींच्या टप्प्यावर पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात, ते ई-कॅडहेरिनमुळे. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत बीटा-कॅटेनिन नष्ट करणाऱ्या टोळीतलं एपीसी हे प्रथिन बिघडलेलं असतं आणि बीटा-कॅटेनिन साठत जातं. जन्मतः ई-कॅडहेरिनच्या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत जठराचा एक विशिष्ट कर्करोग आढळतो. पण एक घाई टाळा: कॅडहेरिन गेलं म्हणजे केंद्रकात बीटा-कॅटेनिन वाढणारच, असं नाही. ती नष्ट करणारी टोळी शाबूत असेल तर मोकळं झालेलं बीटा-कॅटेनिन ती उचलून नेते. यापलीकडे आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: तुम्ही भ्रूणं कापता, बेडकांना टोचता. तुम्हाला याचं काही वाटत नाही का?

वाटतं, आणि वाटत राहावं असंही मला वाटतं. बेडकीला अंडी घालण्यासाठी मानवी गर्भारपणातलं एचसीजी हे संप्रेरक टोचतात. (१९३० च्या दशकापासून गर्भधारणेच्या चाचणीसाठी झेनोपस वापरत ते याचमुळे: स्त्रीच्या लघवीत हे संप्रेरक असलं की बेडकी काही तासांत अंडी घालायची.) अंडी दिल्यावर बेडकी परत टाकीत जाते आणि काही महिने तिला कुणी हात लावत नाही. नराच्या बाबतीत तसं नसतं, शुक्राणूंसाठी त्याला भूल देऊन मारावं लागतं. म्हणून एका नराच्या वृषणातून जितक्या जणांचं काम भागेल तितकं भागवायचं, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच कुणी दिलं आहे त्यासाठी नवा प्राणी घ्यायचा नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून काटेकोरपणे पाळून घेते. कुणी न वाचता प्रयोग आखला तर मी तो परत पाठवते, आणि त्यामागचं पहिलं कारण हेच असतं.

प्रश्न: मी सहावीत आहे. अंड्याच्या दोन पेशी होतात तेव्हा त्या एकमेकींना पहिल्यांदा कधी धरतात? आणि बाहेरच्या बाजूने का नाही धरत?

फार नेमका प्रश्न विचारलास. अंड्याच्या गडद टोकावर आधी एक बारीक रेघ उमटते, मग ती खोल जात जात अंड्याच्या खालपर्यंत पोहोचते. रेघ आत शिरताना दोन पेशींच्या मध्ये नवीन पटल घातलं जातं. हे पटल अगदी फिकं असतं, कारण गडद रंग जुन्या बाहेरच्या कातडीतच राहतो. पेशी एकमेकींना धरतात त्या या नव्या, फिक्या भागाने. त्यासाठी लागणारं कॅडहेरिन आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेलं असतं, भ्रूणाला ते तेव्हा तयार करावं लागत नाही. बाहेरची जुनी कातडी मात्र चिकटत नाही.

अगदी सुरुवातीचं, थोड्याच पेशींचं भ्रूण कॅल्शियमशिवाय ठेवून पेशी सुट्या केल्या तर हे थोड्या मोठ्या भिंगाखाली दिसतं. अंड्याच्या वरच्या भागातून आलेल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एका बाजूला गडद टोपी असते आणि उरलेलं अंग पांढरट. कॅल्शियम परत दिलं की त्या हळूहळू सरकतात, पांढरं अंग पांढऱ्या अंगाला टेकतं, आणि टोप्या सगळ्या बाहेरच्या बाजूला राहतात.